मोलॅरिटी आणि विरलीकरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

द्रावण तयार करताना होणाऱ्या बहुतेक चुका गुणाकार-भागाकारात होत नाहीत. कशाला कशाने भागायचं याबद्दल मनात गोंधळ असतो, तिथे त्या होतात. सूत्र पाठ असतं, पण त्या सूत्रातलं आकारमान नेमकं कशाचं हे विचारलं की अडतं. म्हणून इथे प्रत्येक उत्तरात मी एकाच प्रश्नाकडे परत येणार आहे: या भांड्यात द्राव्याचे, म्हणजे विरघळवलेल्या पदार्थाचे, मोल किती आहेत? त्याचं उत्तर हाती असेल तर सूत्र विसरलं तरी काम अडत नाही.

मोलॅरिटी म्हणजे नेमकं काय?

एक लिटर द्रावणात द्राव्याचे किती मोल आहेत, तो आकडा. ०.५ मोलर द्रावण म्हणजे त्याच्या प्रत्येक लिटरमध्ये अर्धा मोल द्राव्य. मोल हा मोजणीचा शब्द आहे, डझनासारखा. डझन म्हणजे १२, तसा मोल म्हणजे ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. २० मे २०१९ पासून हा आकडा व्याख्येनेच पक्का केलेला आहे. एवढे कण कोणी मोजत बसत नाही, आपण वजन करतो. पदार्थाचं रेणुवस्तुमान ग्रॅममध्ये घेतलं की तो एक मोल झाला: मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड ५८.४४ ग्रॅम, सोडियम हायड्रॉक्साइड ४० ग्रॅम, ग्लुकोज १८०.१६ ग्रॅम.

किती ग्रॅम घ्यायचे हे कसं काढायचं?

आधी मोल, मग ग्रॅम. समजा सोडियम क्लोराइडचं ०.२ मोलर द्रावण २५० मिलीलिटर हवं आहे. २५० मिलीलिटर म्हणजे ०.२५ लिटर. लागणारे मोल ०.२ × ०.२५ = ०.०५. आता ०.०५ × ५८.४४ = २.९२२ ग्रॅम. झालं.

मिलीलिटरचं लिटर करायला विसरणं ही इथली नेहमीची चूक. तसं झालं तर उत्तर हजारपट येतं, म्हणजे २.९ ग्रॅमऐवजी २९२२ ग्रॅम. पाव लिटरच्या फ्लास्कमध्ये तीन किलो मीठ मावणार नाही हे लगेच दिसतं. म्हणून वजनकाट्याकडे जाण्याआधी उत्तराकडे एकदा डोळे भरून पाहावं.

एक मोल द्राव्य एक लिटर पाण्यात टाकलं तर एक मोलर द्रावण होत नाही का?

नाही, आणि या प्रश्नावर थोडं थांबायला हवं. व्याख्येतला लिटर द्रावणाचा आहे, पाण्याचा नाही. द्राव्यही जागा घेतं.

सुक्रोजचं उदाहरण घ्या. त्याचा एक मोल म्हणजे ३४२.३ ग्रॅम. एवढं सुक्रोज पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवलं तर द्रावण सुमारे १.२१ लिटर भरतं. एक मोल १.२१ लिटरमध्ये पसरला म्हणजे मोलॅरिटी आली ०.८३. हवी होती १, म्हणजे चूक १७ टक्क्यांची. काटा अचूक होता, पाणी अचूक मोजलं होतं, तरीही द्रावण चुकलं.

बरोबर पद्धत अशी. वजन केलेला पदार्थ बीकरमध्ये लागणाऱ्या पाण्याच्या अर्ध्या-पाऊण भागात पूर्ण विरघळवायचा. द्रावण खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. मग ते व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये, म्हणजे मानेवर ठराविक आकारमानाची खूण असलेल्या फ्लास्कमध्ये, ओतायचं, बीकर आणि फनेल दोन-तीनदा थोड्या पाण्याने खंगाळून ते पाणीही फ्लास्कमध्येच घ्यायचं, कारण बीकरच्या भिंतीला चिकटलेले थेंबही आपल्याच हिशोबातले मोल आहेत. शेवटी खुणेपर्यंत पाणी भरायचं, शेवटचे काही थेंब ड्रॉपरने. पाण्याच्या पृष्ठभागाचा खालचा वक्र खुणेला टेकला पाहिजे आणि नजर खुणेच्या पातळीत हवी. बूच लावून फ्लास्क दहा-पंधरा वेळा उलटासुलटा करायचा. फ्लास्कची मान अरुंद असते, त्यामुळे वरवर हलवून द्रावण एकजीव होत नाही.

द्रावण फार विरल असेल तर हा फरक जाणवत नाही. सोडियम क्लोराइडचं ०.१ मोलर द्रावण करताना ५.८४ ग्रॅम मिठाने एका लिटरचं आकारमान दोन मिलीलिटरनेही वाढत नाही. पण सवय बरोबर पद्धतीचीच लावावी, कारण संहत, म्हणजे गाढ, द्रावण करायची वेळ आली की हात जुन्या सवयीनेच चालतात.

खुणेच्या वर पाणी गेलं तर? जास्तीचं काढून टाकलं तर चालेल का?

चालणार नाही. पिपेटने वरचं काढाल तेव्हा नुसतं पाणी निघत नाही, द्रावण निघतं आणि त्याबरोबर मोलही जातात. आत उरलेलं द्रावण तेवढंच पातळ राहतं. ते टाकून नव्याने सुरुवात करणं हाच उपाय. जीवावर येतं हे मान्य, पण त्या द्रावणावर पुढचे दहा प्रयोग उभे राहणार असतात.

बाटलीवरच्या नावात ‘पेंटाहायड्रेट’ असेल तर गणित बदलतं का?

बदलतं, आणि बरंच. कॉपर सल्फेटचे निळे स्फटिक आपल्यासोबत स्फटिकजल घेऊन येतात, प्रत्येक एककामागे पाण्याचे ५ रेणू. त्यांचं रेणुवस्तुमान २४९.७ आहे. निर्जल, पांढऱ्या कॉपर सल्फेटचं १५९.६. ५०० मिलीलिटर ०.१ मोलर द्रावणाला ०.०५ मोल लागतात. निळे स्फटिक घेतले तर १२.४८ ग्रॅम, निर्जल भुकटी घेतली तर ७.९८ ग्रॅम. निळ्या स्फटिकांचे ७.९८ ग्रॅम घेतले तर द्रावण ०.०६४ मोलरच होईल.

ऑक्झॅलिक आम्लाचंही तसंच आहे: दोन रेणू पाण्यासह १२६.०७, निर्जल ९०.०३. वहीत किंवा पुस्तकात दिलेलं रेणुवस्तुमान डोळे झाकून घेऊ नका. हातातल्या बाटलीवर छापलेलं पाहा. तेच तुमच्या पदार्थाचं असतं.

शुद्धता ९७ टक्के लिहिली असेल तर?

काढलेल्या वजनाला ०.९७ ने भागा. ४० ग्रॅम शुद्ध पदार्थ हवा असेल तर बाटलीतले ४१.२४ ग्रॅम घ्यावे लागतील.

संहत आम्लाच्या बाटलीवर मोलॅरिटी दिलेली नसते. ती कशी काढायची?

बाटलीवर दोन गोष्टी असतात: वजनी टक्केवारी आणि घनता. तेवढ्या पुरतात. एक लिटर आम्ल डोळ्यांसमोर आणा. हायड्रोक्लोरिक आम्ल ३७ टक्के आणि घनता १.१८ असेल तर त्या लिटरचं वजन ११८० ग्रॅम. त्यातले ३७ टक्के म्हणजे ४३६.६ ग्रॅम हे खरं हायड्रोजन क्लोराइड. त्याला रेणुवस्तुमान ३६.४६ ने भागलं की ११.९७ मोल. म्हणजे द्रावण जवळपास १२ मोलर.

याच रीतीने ९८ टक्के, १.८४ घनतेचं सल्फ्युरिक आम्ल १८.४ मोलर येतं. ७० टक्के, १.४२ घनतेचं नायट्रिक आम्ल १५.८. ग्लेशियल ॲसिटिक आम्ल १७.४ च्या आसपास. हे आकडे लक्षात राहिले तर चांगलंच, पण ते नवी बाटली येईपर्यंतच खरे असतात. शिवाय हायड्रोक्लोरिक आम्लातून वायू सतत उडत असतो, त्यामुळे वारंवार उघडलेल्या जुन्या बाटलीची संहती लेबलापेक्षा कमी असू शकते.

एम१व्ही१ = एम२व्ही२ हे सूत्र कुठून येतं?

पाणी घातल्याने द्राव्याचे मोल वाढत नाहीत आणि कमीही होत नाहीत, एवढ्याच गोष्टीतून. मोलॅरिटी गुणिले आकारमान म्हणजे मोल. आधीचे मोल आणि नंतरचे मोल सारखे, म्हणून दोन्ही बाजू सारख्या. सूत्र एवढंच सांगतं.

याचे दोन परिणाम ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. पहिला, आकारमान दोन्हीकडे एकाच एककात असेल तर लिटर करायची गरज नाही, मिलीलिटर चालतात. दुसरा, हे सूत्र फक्त विरल करण्यासाठी आहे. टायट्रेशनमध्ये, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंबथेंब घालून अभिक्रिया पूर्ण व्हायला किती लागलं ते मोजताना, आम्ल आणि आम्लारी यांच्यात अभिक्रिया होते, तिथे हेच सूत्र तसंच लावलं आणि अभिक्रियेचं प्रमाण एकास एक नसलं तर उत्तर चुकतं. सल्फ्युरिक आम्लाच्या एका मोलला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन मोल लागतात. तिथे सूत्राला ते ‘दोन’ कोणीतरी सांगावं लागतं.

१२ मोलर आम्लापासून ५०० मिलीलिटर ०.१ मोलर द्रावण कसं करू?

व्ही१ = ०.१ × ५०० ÷ १२ = ४.१७ मिलीलिटर. एवढं आम्ल घ्यायचं आणि एकूण आकारमान ५०० होईपर्यंत पाणी. ‘५०० मिलीलिटर पाणी घालायचं’ असं नाही. व्ही२ हे अंतिम आकारमान आहे, घालायच्या पाण्याचं नव्हे. घालायचं पाणी साधारण ५०० वजा ४.१७ असतं, पण ते मोजायची गरजच नाही, फ्लास्कची खूण ते काम करते.

प्रत्यक्षात: धूरपेटीत, म्हणजे फ्यूम हूडमध्ये, हातमोजे आणि चष्मा घालून. फ्लास्कमध्ये आधी साधारण ३०० मिलीलिटर पाणी, मग पिपेटला रबरी फुगा लावून मोजलेलं आम्ल, मग हलवणं, थंड होऊ देणं आणि शेवटी खूण. तोंडाने पिपेट ओढणं कधीही नाही, साध्या पाण्यासाठीही नाही.

आधी पाणी, मग आम्ल: हा नियम एवढा कडक का?

पाण्यात मिसळताना संहत आम्ल उष्णता बाहेर टाकतं, आणि सल्फ्युरिक आम्ल तर फारच. भरपूर पाण्यात थोडं आम्ल सोडलं तर ती उष्णता पाणी सामावून घेतं. उलट केलं तर थोडंसं पाणी जड आम्लाच्या पृष्ठभागावर पडतं, तिथल्या तिथे उकळतं आणि आम्लाचे थेंब घेऊन बाहेर उडतं, बहुतेक वेळा ओतणाऱ्याच्या चेहऱ्याच्या दिशेने. मी विद्यार्थ्यांना गणिताच्या चुका दहा वेळा करू देतो. ही एकदाही करू देत नाही.

सल्फ्युरिक आम्ल विरल करताना बीकर बर्फाच्या किंवा थंड पाण्यात ठेवून, सतत ढवळत, काचेच्या कांडीवरून हळूहळू आम्ल सोडावं. गरम द्रावण सरळ व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये भरू नये, थंड झाल्यावर त्याचं आकारमान घटतं आणि खूण खोटी ठरते.

‘एकास दहा’ म्हणजे दहापट की अकरापट?

या दोन शब्दांनी अनेक प्रयोग बिघडवले आहेत. काही जण त्याचा अर्थ एक भाग द्रावण आणि नऊ भाग पाणी, एकूण दहा, असा घेतात. काही जण एक भाग द्रावण आणि दहा भाग पाणी, एकूण अकरा. पहिल्यात द्रावण दहापट विरल होतं, दुसऱ्यात अकरापट. माझ्या मते तो शब्दप्रयोगच टाळावा आणि ‘१० मिलीलिटर घेऊन १०० मिलीलिटर केलं’ असं पूर्ण वाक्य लिहावं. दुसऱ्याची पद्धत वाचताना शंका आली तर विचारून घ्यावं, अंदाज बांधू नये.

१ मोलरपासून १ मायक्रोमोलर द्रावण एकाच पायरीत का करू नये?

त्यासाठी दहा लाखपट विरल करावं लागेल, म्हणजे १ मायक्रोलिटर घेऊन १ लिटर. एवढासा थेंब भरवशाने मोजणं कठीण, आणि पिपेटच्या टोकाच्या बाहेर चिकटलेलं द्रावणही त्याच्याइतकंच भरू शकतं. म्हणून पायऱ्या करायच्या. १ मिलीलिटर घेऊन १०० मिलीलिटर केलं की १०० पट. त्यातलं १ मिलीलिटर घेऊन पुन्हा १००, आणि मग आणखी एकदा. तीन पायऱ्यांत १०० × १०० × १०० म्हणजे दहा लाखपट.

किंमत अशी की प्रत्येक पायरीची चूक पुढे जाते. प्रत्येक वेळी १ टक्का आणि तेही एकाच दिशेने चुकलं, तर शेवटी सुमारे ३ टक्के. म्हणून प्रत्येक पायरीला नवं टोक किंवा धुतलेली पिपेट, आणि पुढची पायरी घेण्याआधी द्रावण नीट मिसळणं. न मिसळलेल्या फ्लास्कमधून घेतलेला मिलीलिटर कशाचा आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

एकाच पदार्थाची दोन वेगळ्या संहतीची द्रावणं एकत्र केली तर?

मोलांची बेरीज करा आणि एकूण आकारमानाने भागा. ०.५ मोलरचे १०० मिलीलिटर आणि ०.१ मोलरचे ३०० मिलीलिटर: ५० आणि ३० मिळून ८० मिलिमोल, भागिले ४०० मिलीलिटर, म्हणजे ०.२ मोलर. दोन मोलॅरिटींची सरळ सरासरी (०.३) घेतली तर चूक, कारण दोन्हींची आकारमानं वेगळी आहेत.

आकारमानं बेरजेइतकीच भरतात असं इथे गृहीत धरलं आहे. पाण्यातल्या विरल द्रावणांना ते चालतं. इथेनॉल आणि पाण्याला चालत नाही: ५० मिलीलिटर इथेनॉल आणि ५० मिलीलिटर पाणी मिसळलं तर १०० न होता ९६-९७ मिलीलिटरच भरतं.

०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये क्लोराइड किती?

०.२ मोलर. एका एककातून कॅल्शियमचा एक आणि क्लोराइडचे दोन आयन सुटतात. प्रश्न संयुगाबद्दल आहे की आयनाबद्दल, ते आधी पाहा.

नॉर्मॅलिटी, मोलॅलिटी आणि मोलॅरिटी यांत फरक काय?

मोलॅलिटी म्हणजे एक किलोग्रॅम द्रावकामागे मोल. ती वजनावर आधारलेली असल्याने तापमानाने बदलत नाही, मोलॅरिटी मात्र बदलते. काचेच्या भांड्यांवरच्या खुणा सहसा २० अंश सेल्सिअसला खऱ्या असतात. पाण्यातलं विरल द्रावण २० वरून ३० अंशांवर गेलं की सुमारे पाव टक्का फुगतं, म्हणजे ०.१००० मोलरचं ०.०९९७ होतं. रोजच्या कामात हे सोडून देता येतं, काटेकोर विश्लेषणात नाही.

नॉर्मॅलिटी जुन्या पद्धतींत अजून भेटते. ती म्हणजे मोलॅरिटी गुणिले अभिक्रियेत भाग घेणाऱ्या हायड्रोजन आयनांची किंवा इलेक्ट्रॉनांची संख्या. सल्फ्युरिक आम्ल १ मोलर म्हणजे २ नॉर्मल. अडचण अशी की ही संख्या अभिक्रियेनुसार बदलते: पोटॅशियम परमँगनेट आम्लधर्मी द्रावणात ५ इलेक्ट्रॉन घेतं, उदासीन द्रावणात ३. म्हणजे एकाच बाटलीच्या दोन नॉर्मॅलिटी. म्हणूनच बाटलीवर मोलॅरिटी लिहावी असं मला वाटतं.

टक्के आणि पीपीएम मोलरमध्ये कसे बदलायचे?

एका लिटरमध्ये ग्रॅम किती ते काढा आणि रेणुवस्तुमानाने भागा. सलाइनमध्ये ०.९ टक्के सोडियम क्लोराइड असतं, म्हणजे १०० मिलीलिटरमध्ये ०.९ ग्रॅम, लिटरमध्ये ९ ग्रॅम. ९ ÷ ५८.४४ = ०.१५४ मोलर. पाण्यातल्या विरल द्रावणात १ पीपीएम म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम धरतात. ४० पीपीएम कॅल्शियम म्हणूनच जवळपास १ मिलिमोलर येतं.

दहापट विरल केलं की सामू, म्हणजे पीएच, एकने बदलतो ना?

हायड्रोक्लोरिकसारख्या तीव्र आम्लाचा, हो: ०.१ मोलरचा १, ०.०१ मोलरचा २. ॲसिटिक आम्लाचा नाही. ते सौम्य असल्याने विरल केल्यावर त्याचा अधिक मोठा हिस्सा आयनांत सुटतो, आणि ०.१ मोलरचा २.९ असलेला सामू ०.०१ मोलरला ३.४ च्या आसपासच पोहोचतो. तीव्र आम्लालाही मर्यादा आहे. १० चा उणे ८ वा घात एवढ्या मोलरचं हायड्रोक्लोरिक आम्ल केलं तर सामू ८ होत नाही, ६.९८ होतो. आम्ल कितीही विरल केलं तरी आम्लारी होत नाही. तिथे पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन हिशोबात धरावे लागतात.

काळजीपूर्वक वजन करूनही सोडियम हायड्रॉक्साइडची मोलॅरिटी बरोबर का येत नाही?

कारण वजन करता करताच ते हवेतली आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड शोषत असतं. गोळ्या वॉच ग्लासवर पाच मिनिटं ठेवल्या तरी ओलसर दिसू लागतात. म्हणून हे द्रावण आधी अंदाजे करायचं आणि मग प्रमाणित करायचं, म्हणजे त्याची नेमकी मोलॅरिटी टायट्रेशनने काढायची.

त्यासाठी पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट वापरतात. ते शुद्ध मिळतं, हवेत बदलत नाही आणि रेणुवस्तुमान २०४.२२ असल्याने वजनातली बारीक चूक फारशी बोचत नाही. समजा ०.५१०६ ग्रॅम घेतलं, म्हणजे २.५०० मिलिमोल. फिनॉल्फ्थॅलीन हा रंग बदलणारा दर्शक घालून टायट्रेशन केल्यावर २५.४० मिलीलिटर सोडियम हायड्रॉक्साइड लागलं. प्रमाण एकास एक आहे, म्हणून २.५०० ÷ २५.४० = ०.०९८४ मोलर. आकडा ०.१ आला नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. ०.०९८४ हे माहीत असलेलं द्रावण ०.१ असल्याचं गृहीत धरलेल्या द्रावणापेक्षा कितीतरी उपयोगी असतं. टायट्रेशन तीनदा करा आणि तिन्ही उत्तरं जवळ आली तरच सरासरी घ्या.

हे द्रावण प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. काचेला ते हळूहळू खातं, आणि काचेचं बूच असेल तर ते कायमचं अडकतं.

तयार द्रावणाच्या बाटलीवर काय लिहावं?

पदार्थाचं पूर्ण नाव, मोलॅरिटी, कशात विरघळवलं, तयार केल्याची तारीख, करणाऱ्याचं नाव आणि धोक्याची खूण. प्रमाणित केलं असेल तर त्याचीही तारीख. पेन्सिलने किंवा पाण्याने न पुसणाऱ्या शाईने लिहावं, आणि द्रावण ओतण्याआधी चिकटवावं, नंतर नाही. टेबलावर दोन रंगहीन द्रावणं शेजारी असतील तर पाच मिनिटांनी कोणतं कुठलं हे करणाऱ्यालाही सांगता येत नाही. लेबल नसलेली बाटली सापडली तर हुंगून किंवा अंदाजाने नाव लावू नका. ‘अज्ञात’ असं लिहून ती बाजूला काढा आणि रासायनिक कचऱ्याची विल्हेवाट पाहणाऱ्याच्या हाती द्या.